सगळ्यांना हाक, ओ कुणाचीच नाही

२०० जणांच्या ग्रुपवर संदेश पडतो, ‘रविवारी सकाळी सफाईला माणसं हवीत.’ पन्नासेक अंगठे उमटतात, प्रत्यक्षात चौघं येतात. मग ‘लोकांना समाजाचं काही पडलेलं नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. माणसं भली असूनही असं घडतं, आणि त्यामागे साधं गणित आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस डीकमान यांनी १९८५ मध्ये ‘स्वयंसेवकाचा पेच’ मांडला. काम असं, की कुणीही एकाने केलं तर फायदा सगळ्यांना, झीज मात्र करणाऱ्याची. फायदा ४ गुण आणि झीज १ गुण धरू. मी केलं तर माझ्या पदरात ३ गुण नक्की. मी थांबलो आणि दुसऱ्या कुणी केलं तर ४, कुणीच नाही केलं तर शून्य. म्हणजे बाकीचे सगळेच मागे राहण्याची शक्यता बरोबर १/४ असेल, तेव्हा करणं आणि थांबणं मला सारखंच. सगळे असाच हिशेब करत असतील, तर तो याच जागी स्थिरावतो.

आता आकडे घाला. दोघंच असतील तर एकेकाची थांबण्याची शक्यता १/४, आणि दोघंही थांबून काम पडून राहण्याची १/१६, म्हणजे सुमारे ६ टक्के. पाच जण असतील तर उरलेल्या चौघांच्या शक्यतांचा गुणाकार १/४ यायला हवा. म्हणून एकेकाची शक्यता १/४ चं चौथं मूळ, म्हणजे सुमारे ०.७१. हा आकडा पाच वेळा गुणला की १८ टक्के. दहा जणांत काम पडून राहण्याची शक्यता २१ टक्क्यांवर जाते आणि एकेक जण पुढे येण्याची शक्यता ७५ टक्क्यांवरून १४ वर घसरते. चांगुलपणा तेवढाच राहिला, फक्त डोकी वाढली.

मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात हेच दिसलं होतं. पलीकडच्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज आपण एकट्यानेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के.

म्हणून हाक नावाने मारावी. ‘शनिवारी ७ ते ९, खुर्च्या तुम्ही लावायच्या’ असं एकालाच सांगितलं की पेच उरतच नाही. एक काम दोघांना मोघम दिलं की तो परत येतो. राखीव माणूस ठेवा, पण आपण राखीव आहोत हे त्याला माहीत हवं. गरजेपेक्षा जास्त माणसं बोलावू नका. हात बांधून उभा राहिलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही.

पहिलं काम लहान असावं. मानसशास्त्रज्ञ फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात घरमालकांना अंगणात मोठा, बेढब वाहतूक-सुरक्षा फलक लावू द्याल का, असं विचारलं. थेट विचारल्यावर १७ टक्के हो म्हणाले. दोन आठवडे आधी त्याच विषयाची चिमुकली पाटी लावायला सांगितलेल्यांपैकी ७६ टक्के तयार झाले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सरासरीने बराच लहान निघाला, पण निघाला. मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांच्या सिद्धांतानुसार माणूस स्वतःची वागणूक पाहून आपण कोण आहोत हे ठरवतो. आधी कृती, मग ‘मी असं काम करणारा आहे’ ही ओळख.

‘सेवा केली की डोपामाइनचा पूर येतो आणि आयुष्य वाढतं’ हे फिरणारे संदेश मात्र बाजूला ठेवा. मुळात धडधाकट माणसंच सेवेला जास्त येतात, त्यामुळे नुसत्या तुलनेवरून काही सिद्ध होत नाही. सोडत काढून गट पाडावे लागतात. कॅनडात १०६ शाळकरी विद्यार्थ्यांवर तसं केलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. दोन महिने, आठवड्यातून एकदा लहान मुलांना मदत करणाऱ्या गटात दाह दाखवणारं इंटरल्यूकिन-६ आणि कोलेस्टेरॉल कमी आढळलं. ज्यांची सहानुभूती जास्त वाढली, त्यांच्यात सुधारणाही जास्त होती. एवढंच, आणि हेही थोडं नाही.

ओळखी वाढवायच्या असतील तर जोड्या बदलत्या ठेवा. आठ जणांच्या २८ जोड्या होतात, आठवड्याला चार. चार-चार नावांच्या दोन ओळी समोरासमोर लिहा; समोरासमोरची नावं म्हणजे त्या आठवड्याची जोडी. पहिलं नाव जागेवर ठेवून उरलेली सात दर आठवड्याला दोन्ही ओळींभोवती गोल, त्याच दिशेने एकेक घर सरकवा. सात आठवड्यांत प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर एकदा काम केलेलं असतं.