ऊन लागलं की लकवा?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. भर दुपारी केळीच्या बागेतून आलेले अण्णा खाटेवर बसता बसता एका बाजूला कलले, बोलताना जीभ जड झाली, की घरातून पहिलं वाक्य येतं: "ऊन लागलं." कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी पन्हं करायला धावतं. आपल्याकडे उन्हाने माणसं दगावतात, त्यामुळे ही शंका येणं साहजिक आहे. पण कधी कधी तो लकवा असतो आणि पहिला तास पन्ह्यातच जातो.

उन्हाचा त्रास साऱ्या अंगाला होतो: अंग तापतं, मळमळतं, दोन्ही पाय गळून जातात. लकवा अचानक येतो आणि बहुतेकदा एकच बाजू धरतो, कारण मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो, उजवा भाग डावं. म्हणून अण्णांना हसायला सांगा. तोंडाचा एक कोपरा खाली राहतो का ते बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा. एक हात हळूहळू खाली येतो का? नातवाचं नाव, गावाचं नाव विचारा. शब्द बोबडे येतात किंवा भलतेच येतात का? यातलं एक जरी दिसलं, तरी १०८ ला फोन करा. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं हीसुद्धा लकव्याचीच लक्षणं. आणि उन्हाने माणूस बरळायला लागला, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. त्यालाही दवाखानाच हवा. तेव्हा घरी बसून निवाडा करत राहू नका.

पन्हं, पाणी, गोळी, काहीही तोंडात घालू नका. लकव्यात गिळण्याची ताकद जाऊ शकते, मग घोट श्वासनलिकेत उतरतो. रक्त पातळ करणारी गोळी तर नकोच. लकवा आलेल्या १०० पैकी साधारण ८५ जणांत मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असते, पण उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटलेली असते, आणि त्यांचा रक्तस्राव या गोळीने वाढू शकतो. यातलं नेमकं काय झालंय, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही.

मोठी रक्तवाहिनी तुंबली, की मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास मोजले जातात माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. सकाळी उठतानाच हात लुळा असेल, तर रात्री झोपायला जातानाची वेळ सांगा. मालिशवाल्याकडे, झाडपाल्याकडे नेण्यात हेच तास जातात, याचं फार वाईट वाटतं.

दहा मिनिटांत हात पुन्हा उचलला गेला, बोलणं सुधारलं, म्हणून घरीच थांबू नका. गुठळी तात्पुरती सरकली असेल. मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. धडगाव, अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातल्या भागातून निघताना सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठे मिळेल ते १०८ वाल्यांना आधीच विचारा, त्या दवाखान्याला फोन करून ठेवा, आणि सुरू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.