उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणासाठी रायफल व कॅलिबर यांची निवड

पिके, साठवलेले धान्य, कोंबड्या किंवा बांध यांची नासाडी करणारे उंदीर, घुशी, ससे, कोल्हे यांसारखे प्राणी मारण्यासाठी कोणती रायफल व कोणते काडतूस वापरावे, याचा निर्णय. कुंपण, सापळे आणि धान्याची बंदिस्त साठवण हे उपाय अपुरे पडले, तरच सामान्यतः रायफलीचा विचार होतो. प्राण्याचा आकार, त्याचे अंतर आणि त्याच्या मागे काय आहे, या तीन गोष्टींवर निवड अवलंबून असते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही ती बहुधा शेवटी लक्षात घेतली जाते. गोळी कोठे थांबणार, हे आधी ठरवावे आणि काडतूस त्यानंतर निवडावे, हाच योग्य क्रम होय.

कॅलिबर म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास. तो पुष्कळदा इंचाच्या दशांशात सांगतात. पण या आकड्यावरून काडतुसाच्या ताकदीचा अंदाज बांधणाऱ्याची हमखास फसगत होते. .२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन या दोन्ही काडतुसांच्या गोळ्या सुमारे ५.७ मिमी. जाडीच्या असतात. पहिल्याची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मी. वेगाने निघते व तिची ऊर्जा १४० जूलच्या आसपास असते, दुसऱ्याची ३.६ ग्रॅमची गोळी सुमारे ९८० मी. वेगाने निघते व तिची ऊर्जा १,७०० जूलपर्यंत जाते. म्हणून नुसता आकडा न पाहता काडतुसाचे पूर्ण नाव पाहावे.

कोठारातील उंदरांसाठी एअर रायफल पुरेशी असते. तिचे छर्रे ४.५ किंवा ५.५ मिमी.चे असतात. इंग्लंड व वेल्समध्ये परवान्याविना वापरता येणाऱ्या एअर रायफलीची ऊर्जा सुमारे १६ जूलपर्यंत मर्यादित आहे, आणि एवढ्या ऊर्जेवर ३० ते ३५ मी. हा तिचा भरवशाचा पल्ला समजावा. येथे नवख्यांची चूक बहुधा जवळच्या नेमात होते. दुर्बीण नळीच्या सुमारे ४ सेंमी. वर बसवलेली असते; त्यामुळे ३० मी. अंतरावर नेम जुळवलेल्या रायफलीचा छर्रा ५ मी.वर नेमाच्या जवळजवळ २ सेंमी. खाली लागतो. उंदराच्या डोक्यावर धरलेला नेम चुकून प्राणी जखमी अवस्थेत बिळात शिरायला एवढा फरक पुरतो. म्हणून ५, १०, १५ मी. अशा प्रत्येक अंतरावर कागदावर छर्रे मारून फरक टिपून ठेवणे आवश्यक असते.

सशांसारख्या प्राण्यांसाठी १८८७ पासून प्रचारात असलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस आजही सर्वाधिक वापरले जाते. ते रिमफायर जातीचे आहे, म्हणजे त्याचे पेटते द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते. ध्वनीपेक्षा कमी वेगाचे काडतूस व आवाज दाबणारी नळकांडी यांची जोड असेल, तर शेजारचे ससे बहुधा विखुरत नाहीत. मात्र ५० मी.वर जुळवलेल्या या रायफलीची गोळी १०० मी.वर काडतुसाच्या वेगानुसार १५ ते २५ सेंमी. खाली येते, आणि सशाचे मर्मस्थान जेमतेम ४-५ सेंमी.चे असते. त्यामुळे ६०-७० मी.पलीकडे बार न टाकणेच योग्य. याहून मोठा दोष म्हणजे गोळीचे उसळणे. मंद वेगाची, घुमटाकार, मऊ शिशाची गोळी पाणी, दगड किंवा कडक जमिनीवर तिरकी आदळली की न फुटता घसरून पुढे जाते. मोकळ्या हवेत तर ती दीड किलोमीटरहून अधिक लांब जाऊ शकते.

२००२ मध्ये आलेल्या .१७ एचएमआर (हॉर्नडी मॅग्नम रिमफायर) काडतुसाने ही अडचण बरीच कमी केली. त्याची १.१ ग्रॅमची गोळी सुमारे ७७५ मी. वेगाने निघते आणि आदळताच सहसा चुरा होते. तिचा मार्ग १२०-१३० मी.पर्यंत बराच सपाट असतो. पण ती हलकी असल्याने वाऱ्याने सरकते आणि ध्वनीपेक्षा वेगवान असल्याने तिचा कडाका लपत नाही. उसळण्याचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

कोल्ह्यासाठी सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी पेटते द्रव्य असलेले, काडतूस लागते. .२२ हॉर्नेट, .२२३ रेमिंग्टन, .२०४ रुगर आणि .२२-२५० रेमिंग्टन ही त्यांतील परिचित नावे. यांपैकी .२२३ हे सर्वांत सोयीचे म्हणावे लागेल, कारण त्याची काडतुसे सहज मिळतात, धक्का सौम्य असतो आणि नळी दीर्घकाळ टिकते; .२२-२५० अधिक वेगवान असले तरी ते नळी लवकर झिजवते. नळीतील आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतील खाचांचा, पीळही पाहावा. १२ इंचांत एक फेरा असलेली नळी हलक्या गोळ्यांना मानवते, तर लांब व जड गोळ्या स्थिर राहण्यासाठी ८ किंवा ९ इंचांत एक फेरा लागतो. रानडुकरासाठी याहून जड काडतूस लागते व अनेक देशांत त्याची किमान मर्यादा कायद्यानेच ठरलेली असते.

काडतूस कोणतेही असो, प्राण्यामागे मऊ मातीचा उतार किंवा उंच बांध असल्याशिवाय चाप ओढू नये. टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा कोल्हा कितीही सोपा वाटला तरी सोडून द्यावा लागतो. झुडपांची रांग गोळी अडवत नाही. उंचावरून खाली नेम धरल्यास गोळी जमिनीत रुतण्याची शक्यता वाढते, म्हणून सपाट प्रदेशात मचाण उपयोगी पडते.

रायफल शक्यतो बोल्ट ॲक्शनची घ्यावी. तिची यंत्रणा साधी असते आणि प्रत्येक बारानंतर बोल्ट मागे ओढावा लागत असल्याने नेमबाज थांबून पुन्हा पाहतो. एकाच मापाच्या दोन नळ्यांना वेगवेगळी काडतुसे मानवतात, विशेषतः रिमफायरमध्ये. तेव्हा चार-पाच प्रकारची काडतुसे आणून ५० मी.वर प्रत्येकी पाच गोळ्या मारून पाहाव्यात. पाचही छिद्रे २.५ सेंमी.च्या वर्तुळात बसतील ते काडतूस ठेवावे.

शिशाच्या गोळीचे बारीक कण मृत प्राण्याच्या मांसात राहतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात या कारणाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राणी मारण्यासाठी शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी आहे. तांब्याच्या गोळ्या हा पर्याय सेंटरफायरमध्ये चांगला रुळला आहे. रिमफायरमध्ये त्या प्रत्येक नळीतून सारख्या नेमक्या जात नाहीत. शिसे वापरले असल्यास मारलेले उंदीर-ससे उघड्यावर न टाकता खोल पुरावेत.