आवाज फाटणे (घरगुती गिटार ध्वनिमुद्रण)

गिटारचा संकेत (तिच्याकडून येणारा विद्युत सिग्नल) ध्वनिमुद्रणाच्या साखळीतील एखाद्या टप्प्याला पेलेनासा झाला, की तरंगाचे माथे सपाट छाटले जातात. मूळ स्वरात नसलेले कर्कश स्वरांश त्यात मिसळतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘आवाज फाटतोय’. तंत्रज्ञांच्या भाषेत हे क्लिपिंग. स्वस्त ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइक संगणकाला जोडणारी पेटी), लॅपटॉप किंवा मोबाइलवर घरी केलेल्या मुद्रणात हा दोष वरचेवर आढळतो.

रॉक संगीतात हाच परिणाम मुद्दाम साधतात, आणि त्याच्या इतिहासातही एक बिघाड आहे. १९६० च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलमधील दोषामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बेस गिटारचा आवाज घोगरा, फाटका उमटला. तो परिणाम पसंत पडला आणि १९६२ मध्ये तसाच आवाज देणारे मॅस्ट्रो फझ-टोन हे पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेटी) बाजारात आले. नको असताना येणारे फाटणे मात्र वादकाच्या हातात नसते. जोरात छेडलेल्या प्रत्येक स्वरावर ते आपणहून उमटते.

दोष शोधताना पहिला प्रश्न एकच असतो: संकेत साखळीत सर्वांत आधी कुठे फाटला? पिकअप (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारा भाग), केबल, इंटरफेसचा प्रीॲम्प (क्षीण संकेत वाढवणारा भाग), डिजिटल रूपांतरक (संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा), सॉफ्टवेअर आणि शेवटी हेडफोन असा त्याचा प्रवास असतो. फाटलेल्या तरंगाचा आवाज पुढच्या टप्प्यावर कमी करता येतो, पण तो, सांधता येत नाही. सॉफ्टवेअरमधला फेडर (आवाज कमी-जास्त करण्याची सरकपट्टी) खाली ओढून फाटणे जाईल ही नवशिक्यांची समजूत त्यामुळेच फसते. कमी करायचा असतो तो इंटरफेसवरचा गेन (आत येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारे बटण), आणि तोही वाजवण्याआधी.

डिजिटल मुद्रणाला ० डीबीएफएस (डिजिटल मुद्रणातील पातळी मोजण्याचे डेसिबलमधले माप) ही पक्की कमाल मर्यादा आहे. २४ बिट मुद्रणाचा सर्वांत क्षीण ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबल असतो (१६ बिटचा ९६), त्यामुळे मीटर लाल रेषेपर्यंत नेण्याची काहीच गरज उरत नाही. सर्वांत जोरकस वादनातली शिखरे उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या दरम्यान राहिली की पुरे. पातळी ठरवताना बरेच जण हलक्या हाताने वाजवतात आणि प्रत्यक्ष मुद्रणात रंगात येऊन दुप्पट जोर लावतात, हे नेहमी दिसणारे कारण. ट्रॅक मोठा करून पाहिल्यास पुष्कळ उलगडा होतो. माथे ०वर सपाट असतील तर रूपांतरकाची मर्यादा ओलांडली गेली आहे. कच्च्या ट्रॅकमध्ये ते उणे ४ किंवा ५ वरच सपाट दिसले, तर संकेत रूपांतरकाच्या आधीच, प्रीॲम्पमध्ये किंवा पेडलमध्ये छाटला गेला असण्याची शक्यता मोठी. मग मीटर लाल न होताही आवाज फाटतो.

चुकीची जोडणी हे दुसरे मोठे कारण. मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्टचा असतो, तर जोरात छेडलेल्या हम्बकर (दोन वेटोळ्यांच्या, जोरकस) पिकअपची शिखरे एक व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतात. लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये गिटार थेट खोचली की ती फाटते ती यामुळे. इंटरफेसवरचे ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे वाद्य) बटण दाबल्यावर इनपुटचा रोध साधारण १० लाख ओहम होतो, तोच पिकअपला मानवतो; लाइन इनपुटच्या सुमारे १० हजार ओहमवर आवाज मंद आणि निस्तेज येतो. उलट ॲम्प किंवा प्रोसेसरमधून येणारा लाइन पातळीचा (आधीच वाढवलेला) तगडा संकेत ‘इन्स्ट’मध्ये दिल्यास तो तिथेच फाटू शकतो. प्रीॲम्प असलेल्या अकूस्टिक गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी उतरल्यावरही आवाज असाच चिरका होतो. एवढी साधी गोष्ट तपासायची राहून जाते आणि वादक नवी केबल विकत घेतो.

काही दोष फाटण्यासारखे भासतात, पण ते वेगळे. थांबून थांबून येणारी टकटक किंवा चरचर बहुधा बफर (संगणकात आवाजाचे नमुने क्षणभर साठवण्याची जागा) अपुरा पडल्याची असते; तरंगात तिथे सपाट माथा नसतो, तुटलेली जागा असते. बफर १२८ वरून ५१२ नमुन्यांवर नेल्यास ती सहसा थांबते, मात्र ऐकू येणारा विलंब वाढतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच गुणगुण थांबली, तर अर्थिंगकडे पाहावे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने ही गुणगुण त्याच्या पटीत येते. मोबाइलवर बोलण्यासाठी बसवलेले आवाजशुद्धीचे सॉफ्टवेअर लांबत जाणारा स्वर गोंगाट समजून कापते. ॲम्पची नक्कल करणारे सॉफ्टवेअर बंद केल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर गेन त्याच्या आतच जास्त आहे.

कधी मुळात तारच फ्रेटवर घासत असते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात अकूस्टिक गिटारची वरची फळी आकसून खाली बसते आणि तारा फ्रेटच्या जवळ येतात. कोकणातल्या पावसाळ्यात फळी फुगून त्या उलट वर उचलल्या जातात. केबल न लावता, शांत खोलीत, तेवढ्याच जोराने वाजवून कान दिला की ही खरखर लगेच वेगळी ओळखू येते.