तीन हजार वर्षांच्या पावात काय उरतं?

‘पिरॅमिडमधला गहू पेरला आणि उगवला’ ही बातमी अधूनमधून नव्याने फिरते. ती निखालस थाप आहे. साध्या कोठारात गव्हाची उगवणशक्ती फार तर काही दशकं टिकते, कारण अंकुरातला डीएनए तुटत जातो. खरं आश्चर्य त्या काळच्या पावात आहे.

इटलीत तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात खा नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातले पाव ठेवले आहेत. थडगं १९०६ साली सापडलं. पाव सुमारे ३४०० वर्षांचे. वाळवंटी हवेत बुरशीला पाणीच मिळालं नाही, म्हणून असे पाव टिकतात आणि त्यांतले स्टार्चचे कणही.

कच्च्या पिठातला स्टार्चचा कण ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पाहिला की त्यावर फुलीची आकृती दिसते, कारण आतले रेणू शिस्तीत रचलेले असतात. ओली कणीक साधारण ६० अंश सेल्सिअसला पोचली की पाणी आत शिरतं, कण फुगतो, रचना विस्कटते, फुली जाते. पाणी अपुरं असेल तर पाव भाजूनही बरेच कण जसेच्या तसे राहतात. म्हणजे कणीक सैल होती की घट्ट, याचा अंदाज या कणांवरून बांधता येतो! धान्याला आधी मोड आणले असतील तर अमायलेज हे विकर (एन्झाइम) कण कुरतडतं आणि त्यांवर खड्डे पडतात. पुरावनस्पती-अभ्यासक डेल्वेन सॅम्युअल यांनी १९९६ मध्ये इजिप्तमधले वाळलेले पाव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं, की त्यांत मोड आलेलं धान्य आणि यीस्टही वापरलं जाई. तोवर अभ्यासकांची सगळी भिस्त मुख्यतः थडग्यांतल्या चित्रांवर होती. पाँपेई या इटलीतल्या प्राचीन रोमन शहरातले पाव मात्र इ.स. ७९ च्या ज्वालामुखी उद्रेकात जळून कोळसा झाले. त्यांचा आकार आणि वरचे काप दिसतात, पण स्टार्चची ही कहाणी बहुतेक पुसली गेली.

पावाचा इतिहास जपण्याच्या कामात जुन्या इमारतींनाही जागा आहे. जर्मनीत उल्मचं पावाचं संग्रहालय १५९२ साली बांधलेल्या मिठाच्या कोठारात आहे. पण माझ्या मते जुनी चक्की नुसती डागडुजी करून भागत नाही, ती फिरली पाहिजे. दगडी चक्कीत अंकुरही भरडला जातो आणि त्याचं तेल पिठात मिसळतं. पोलादी रुळांच्या रोलर गिरणीत मैदा काढताना अंकुर आणि कोंडा वेगळे होतात. म्हणून दगडावरचं पीठ लवकर खवट होतं, आणि पूर्वी दळण थोडं थोडं करत. पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालवण्याच्या नेदरलँड्समधल्या कौशल्याला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते योग्यच झालं. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते, आणि पीठ बोटांत चोळून दोन दगडांमधली फट कमी-जास्त करावी लागते. जुन्या चक्क्यांच्या दुरुस्तीच्या निधीत हे शिकवणाऱ्या माणसाचा पगारही धरायला हवा.