जुन्या मोटारीत रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा जोडणे

ज्या मोटारींत रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यांत तो काढून त्याजागी १२ व्होल्टचा पंखा बसवणे आणि त्याचे वायरिंग करणे, असे या कामाचे स्वरूप. आपल्याकडे हा बदल मुख्यतः प्रीमियर पद्मिनी (१९६४ पासून कुर्ल्यात बनू लागलेली मूळची फियाट ११०० डी) आणि उत्तरपाड्याची अँबॅसॅडर या गाड्यांवर होतो. दोन्हींत पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर असतो. त्यामुळे गाडी सिग्नलला थांबली की इंजिन मंदावते, पंखाही मंदावतो आणि नेमकी तेव्हाच रेडिएटरला हवा मिळत नाही. उलट हायवेवर समोरून भरपूर हवा येत असताना तोच पंखा इंजिनाची ताकद विनाकारण खातो.

पंखा बसवणे सोपे आहे. काम बिघडते ते तारांमध्ये, आणि त्याआधी चार्जिंगमध्ये. छोट्या गाडीचा पंखा चालताना साधारण ८ ते १२ अँपिअर ओढतो. सुरू होतानाचा झटका याच्या दुप्पट-तिप्पट असतो. जुन्या लुकास सी-४० डायनामोची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) क्षमता २२ अँपिअर, तीही इंजिन पळत असताना. मंद गतीवर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट आणि पंखा दोन्ही चालू असले, तर सगळा भार बॅटरीवर जातो आणि तासाभरात स्टार्टर फिरेनासा होतो. म्हणून डायनामोच्या गाडीत आधी अल्टरनेटर (मंद गतीवरही वीज देणारा त्याचा आधुनिक पर्याय) बसवावा, मग पंखा. हा क्रम उलटा करू नये.

पंखा निवडताना तो रेडिएटरच्या मागे बसणार की पुढे, हे ठरवावे लागते. मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसणारा पंखा हवा ओढतो आणि पुढचा ढकलतो. पात्यांचा बाक त्यानुसार असतो. मोटरच्या दोन तारा अदलाबदल करून फिरण्याची दिशा उलटते, पण पात्यांचा बाक तोच राहत असल्याने हवा निम्मीशिम्मीच सरकते. तारा चुकून उलट जोडल्या गेल्या, तर पंखा समोरून येणाऱ्या हवेशी झुंजतो आणि गाडी उभी असतानापेक्षा चालताना जास्त तापते. तपासणी सोपी आहे: पंखा चालू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद धरावा. तो जाळीला चिकटून राहिला तर दिशा बरोबर. बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत तारा उलट जोडण्याची ही चूक हमखास होते.

पंखा रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या कांड्या आरपार घालून बांधण्याची पद्धत टाळावी. कंपनाने नळ्या घासल्या जातात आणि काही महिन्यांत पाणी झिरपू लागते. रेडिएटरच्या चौकटीला लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून घ्यावेत. शक्य असेल तर पत्र्याची आच्छादन-चौकट द्यावी. ती नसेल तर पंखा फक्त आपल्या गोलाकारापुरतीच हवा ओढतो आणि कोपऱ्यांना हवा मिळत नाही. जुना पंखा काढल्यावर पुलीचे बोल्ट लांब पडतात. तेच परत कसले तर त्यांची टोके पंपाला जाऊन लागू शकतात, म्हणून पंख्याच्या जाडीइतकी लांबी कमी असलेले बोल्ट वापरावेत. पट्टा मात्र काढायचा नाही. वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्यावरच फिरतात.

पंख्याचा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नये. तो रिलेमधून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून जावा. चार पिनांचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले पुरतो. निगेटिव्ह बॉडीला असलेल्या गाडीत पिन ३० ला बॅटरीकडून येणारी जाड तार, ८७ वरून पंख्याच्या पॉझिटिव्हला, ८६ ला इग्निशनची तार आणि ८५ थर्मो स्विचमार्गे (पाणी ठरावीक अंशांना तापले की जोडणाऱ्या स्विचमार्गे) बॉडीला. ८५-८६ मधली कॉइल पाव अँपिअरही घेत नाही, तिथे ०.७५ चौरस मिलिमीटरची तार चालते. जाड बाजूला मात्र ४ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची ऑटो केबल हवी. हिशेब असा: १२ अँपिअर आणि जाऊन-येऊन ४ मीटर तार धरली, तर ४ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ०.२ व्होल्ट वाटेतच वाया जातो, १.५ मध्ये जवळपास ०.६. त्यात ढिला लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि गंजलेली अर्थिंग मिळवली, की पंख्याला जेमतेम ११ व्होल्ट उरतात. तो फिरताना दिसतो, पण हवा देत नाही.

फ्यूज २० ते ३० अँपिअरचा, पंख्याच्या मानाने, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. त्याच्या अलीकडची तार कुठे घासली तर तिला कुणी वाली नसतो. काचेच्या फ्यूजचे स्वस्त होल्डर या प्रवाहाला वितळतात, म्हणून पात्याचा (ब्लेड) फ्यूज घ्यावा. रिले पिना खाली करून, पाणी उडणार नाही अशा जागी लावावा. पंख्याची निगेटिव्ह तार रंग खरवडलेल्या चकचकीत पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून कसावी.

थर्मो स्विच कुठे बसतो यावर त्याचा अंश ठरतो. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) ८२ अंशांचा असेल आणि स्विच रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत) असेल, तर ९२ ला सुरू आणि ८७ ला बंद होणारा स्विच योग्य. खालच्या टाकीत पाणी थंड होऊन येते, तिथे त्याहून कमी अंशांचा घ्यावा. थर्मोस्टॅट उघडण्याआधीच चालू होणारा स्विच लावला, तर पंखा थांबतच नाही. वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा जोडतुकडा घालून एक-पिनी स्विच बसवतात, तेव्हा एक गोष्ट हटकून विसरली जाते: हा स्विच आपल्या धातूतून बॉडीला जोडला जातो, आणि इथे त्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे. जोडतुकड्याला वेगळी अर्थ तार दिली नाही, तर पाणी उकळले तरी पंखा लागत नाही. आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळल्यानेही हाच घोटाळा होतो. पाणी भरल्यावर हवा पूर्ण काढावी. हवेच्या फुग्यात अडकलेल्या स्विचला पाण्याचे तापमान कळत नाही.

थर्मो स्विचला समांतर एक साधा स्विच डॅशबोर्डवर द्यावा. तो ८५ ची तार थेट बॉडीला टेकवतो, आणि घाटात थर्मो स्विच दगावला तर गाडी घरी आणतो. ८६ बॅटरीवर थेट घेतल्यास चावी काढल्यावरही पंखा चालत राहतो. बॅटरी जुनी असेल तर हे नको. पंख्याची जाड तार मात्र इग्निशनवरून घेऊ नये. चावी बंद केल्यावर पंखा जडत्वाने फिरत असताना स्वतःच वीज तयार करतो, ती उलट इग्निशन कॉइलला पोहोचते आणि इंजिन दोन-तीन सेकंद चालूच राहते.

काम झाल्यावर पंखा चालू असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवला तर एकेक जोड तपासावा. पंखा लागत नसेल तर चावी चालू ठेवून थर्मो स्विचची तार बॉडीला टेकवावी: पंखा फिरला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये, नाही फिरला तर रिले, फ्यूज किंवा जाड तारेत. सगळे ठीक असूनही तापमानाचा काटा चढतच असेल, तर गाडी तापल्यावर चावी काढून घ्यावी आणि रेडिएटरच्या जाळीवरून जपून हात फिरवावा. मधले पट्टे गार लागले तर तिथल्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षाराने बुजलेल्या आहेत. रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून घ्याव्या लागतील.