परदेशी पाहुणे आणि आपला ‘हो’

सप्रेम नमस्कार,

नागपूर परिसरातील बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान येथील कारखान्यांत किंवा संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजारात परदेशी खरेदीदारांना घेऊन जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. दुभाष्याचे काम करताना आम्हांला वारंवार जाणवते की, व्यवहारात गैरसमज होतो तो अवघड शब्दांमुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो साध्या ‘हो’मुळे होतो.

हिंगण्यातील एका कारखान्यात पाहुण्यांनी विचारले, “शुक्रवारपर्यंत माल निघेल ना?” मालकांनी मान किंचित डोलावली आणि म्हणाले, “होऊन जाईल.” आमच्या दुभाष्याने त्याचे शब्दशः भाषांतर केले, आणि पाहुण्यांनी त्याच संध्याकाळी पुढच्या वाहतुकीची व्यवस्था पक्की केली. मालकांच्या मनात मात्र ‘प्रयत्न करतो’ एवढेच होते, कारण पावडर कोटिंगचे काम बाहेर दिलेले होते. माल सोमवारी निघाला. ती चूक आमचीही होती, आणि तेव्हापासून आम्ही असे उत्तर तसेच पुढे न पोचवता तिथल्या तिथे तारीख विचारून घेतो.

आपल्याकडे ‘हो, हो’ म्हणजे पुष्कळदा ‘ऐकतो आहे’ एवढेच असते, आणि पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे जड जाते म्हणून आपण ‘बघू’, ‘विचारून सांगतो’ म्हणतो. त्यातला नकार आपल्याला कळतो, त्यांना कळत नाही. म्हणून आम्ही पाहुण्यांना आधीच सुचवतो की, ‘होईल का’ असे न विचारता ‘कोणते काम उरले आहे आणि ते कधी संपेल’ असे विचारावे. आपणही खात्री नसेल तेथे तसे स्पष्ट सांगावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्याने मान कमी होत नाही.

चहा आणि घरच्यांची चौकशी यांत गेलेला अर्धा तास पाहुण्यांना वाया गेल्यासारखा वाटू शकतो. ओळख झाल्याशिवाय आपल्याकडे व्यवहाराला हात घालत नाहीत, हे आम्ही त्यांना समजावतो. वस्तू उजव्या हाताने द्यावी, आणि स्त्रियांनी स्वतः हात पुढे केला नाही तर नमस्कार करावा, हेही सांगतो. जेवणात आग्रह जरूर करावा, पण झणझणीत सावजी रस्सा पहिल्याच दिवशी नको.

दरपत्रकात महिना अक्षरांत लिहावा, कारण 03/04 ही तारीख अमेरिकी पाहुणे 4 मार्च अशी वाचतात. लाख-कोटींऐवजी पूर्ण आकडा लिहावा. 1 कोटी म्हणजे त्यांचे 10 मिलियन.

विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर देशभरातून अनुयायी येत असल्याने खोल्या बऱ्याच आधी ठरवाव्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा महाल-इतवारीत बैठक ठेवू नये. मात्र पाहुण्यांना वेळ असेल तर मिरवणूक अवश्य दाखवावी.

भेटीच्या किमान 8 दिवस आधी पाहुण्यांचा कार्यक्रम, त्यांची खाण्याची पथ्ये आणि बोलणीचे विषय आम्हांला कळवावेत, म्हणजे आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्याशी तासभर बोलून घेऊ.