अकरा दिवसांत मिळालेले नागरिकत्व, सत्तर वर्षांचा वाद

आपले नागरिक कोणाला म्हणायचे, हे ज्या त्या देशाने ठरवायचे, हा जुना शिरस्ता. १९३० च्या हेग करारात तो लेखी आला, पण सोबत एक मेख मारलेली होती: इतर देशांनी तो निर्णय मानायचा, पण आंतरराष्ट्रीय करार आणि रूढी यांच्याशी तो जुळत असेल तरच.

परदेशात एखाद्यावर अन्याय झाला तर तो त्याच्या देशावर झाला असे धरायचे आणि दाद त्या देशाने मागायची, ही व्यवस्था तेव्हा पक्की होती. परक्याला स्थानिकाइतकेच मिळेल, असे लॅटिन अमेरिकी देश म्हणत. किमान दर्जा पाळलाच पाहिजे, असा बड्या सत्तांचा आग्रह असे. या भांडणात ज्याला देशच नव्हता तो कोणाच्याच खिजगणतीत नव्हता. राज्यविहीन माणसाला इजा केली तर आंतरराष्ट्रीय अपराध घडत नाही, असे अमेरिका-मेक्सिको दाव्यांच्या आयोगाने १९३१ मध्ये सरळ सांगून टाकले.

आजही प्रत्येक वादात ज्याचा दाखला निघतो तो निकाल मात्र एका श्रीमंत माणसाचा आहे. हॅम्बर्गमध्ये जन्मलेला फ्रीड्रिख नोटेबोम हा जर्मन व्यापारी १९०५ पासून ग्वाटेमालात होता. युद्ध पेटल्यावर, ९ ऑक्टोबर १९३९ ला, त्याने लिक्टेन्स्टाइन या चिमुकल्या युरोपीय देशाकडे नागरिकत्वासाठी अर्ज केला. नाते एवढेच की एक भाऊ तिथे राहत होता. तीन वर्षांच्या वास्तव्याची अट माफ झाली. माउरेन या गावाला २५,००० स्विस फ्रँक, सरकारला १२,५००, शिवाय वर्षाला १,००० फ्रँक कर. २० ऑक्टोबरला शपथविधी उरकला आणि गडी ग्वाटेमालात परतला.

१९४३ मध्ये ग्वाटेमालाने त्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून पकडून अमेरिकेच्या हवाली केले. १९४६ मध्ये सुटल्यावर परत घेतले नाही, आणि १९४९ मध्ये मालमत्ता जप्त केली. लिक्टेन्स्टाइन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. ६ एप्रिल १९५५ ला अकरा विरुद्ध तीन मतांनी दावा मूळ तक्रारीचा विचार होण्याआधीच बाद झाला: या नागरिकत्वामागे खरे नाते नाही, म्हणून ग्वाटेमालावर ते बंधनकारक नाही. नाते कसे ओळखायचे? वास्तव्य, हितसंबंध, कुटुंब, सार्वजनिक जीवनातला सहभाग, देशाविषयीची ओढ आणि ती मुलांमध्ये रुजवणे.

इथे बराच गोंधळ होतो. नागरिकत्व खोटे आहे, असे न्यायालयाने म्हटलेच नव्हते. लिक्टेन्स्टाइनपुरते ते शाबूत होते. फक्त ग्वाटेमालाविरुद्ध त्याचा उपयोग नव्हता. पण हा फरक कागदावरचा. नवे नागरिकत्व घेताना जर्मन नागरिकत्व सुटले होते, त्यामुळे ग्वाटेमालाविरुद्ध त्याची बाजू घेणारा देशच उरला नाही. नाव राज्यविहीन नाही, गत मात्र तीच.

शिवाय कसोटी आली कुठून? दोन नागरिकत्वे असलेल्याचे कोणते नागरिकत्व अधिक जवळचे, हे ठरवायला ती वापरली जाई. एकच नागरिकत्व असलेल्याला ती लावणे ही खरी उडी होती, आणि ती पुरेशा आधाराविना मारली गेली, असे म्हणावे लागते. जन्म एका देशात, नोकरी दुसऱ्यात, मुले तिसऱ्यात, अशा लाखोंना ती उद्या लावली तर किती जण टिकतील?

राज्यविहीनतेच्या करारांनी ही वाट धरली नाही. १९५४ ची व्याख्या विचारते ते एवढेच: कोणताही देश आपल्या कायद्याच्या अंमलात या माणसाला आपला मानतो का? ओढीचा प्रश्न नाही. १९६१ च्या कराराने जन्मतःच हे संकट टाळण्याच्या वाटा घातल्या. १९९२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयात महाअधिवक्त्याने (निकालाआधी न्यायालयाला स्वतंत्र मत देणारा अधिकारी) १९५५ ची कल्पना आंतरराष्ट्रीय संबंधांच्या ‘रोमँटिक काळातली’ ठरवली. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००६ च्या मसुद्यात राजनैतिक संरक्षणासाठी, म्हणजे आपल्या माणसासाठी देशाने दाद मागण्यासाठी, खऱ्या नात्याची अट वगळली, आणि कायदेशीर, नेहमीचे वास्तव्य असलेल्या राज्यविहीन माणसासाठीही यजमान देशाला दाद मागता येईल, असे कलम घातले. १९३१ च्या वाक्याला तब्बल ७५ वर्षांनी मिळालेले उत्तर.

तरी कल्पना मेली नाही. माल्टाच्या पैसे भरून नागरिकत्व देण्याच्या योजनेवर युरोपीय संघात वाद पेटला, तेव्हा ती पुन्हा वर आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाअधिवक्त्याने अशी अट नाही असे मत दिले. २९ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने उलट कौल देत योजना बेकायदा ठरवली. आधार सदस्य देशांतल्या परस्पर विश्वासाचा घेतला. आधीच पैसे भरून पासपोर्ट घेतलेल्यांचे काय, हे मात्र त्या निकालाने सांगितलेले नाही.